भुसावळच्या कोर्टावरची फक्की

नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदान कुठं आहे असं कुणालाही विचारा, लगेच सांगतील. रणजीचे सामने तिथं होतात, सभा भरतात, मोर्चे जमतात. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले कान्हेरे. साहेब लोकांच्या खेळाची जागा त्यांच्या नावानं ओळखली जावी, हे मला फार मोलाचं वाटतं. यावेळी नाशिकहून गाडीत बसताना डोक्यात तेच घोळत होतं. आपल्या खानदेशात साहेब कुठं खेळले, आणि त्या जागांचं पुढं काय झालं?

कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईचा १८४२ चा. खानदेश इंग्रजांकडे आला १८१८ मध्ये, म्हणजे त्यांना इथं वेळ कमी मिळाला असं नाही. पण १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी करणारा औट्रम असो की धुळ्याचा कलेक्टर, या मंडळींचा विरंगुळा म्हणजे शिकार. क्लब चालवायचा तर वर्गणी भरणारी माणसं हवीत, ती एका जागी टिकायला हवीत, आणि उन्हाळ्यात मैदानावर मारायला पाणी हवं. खानदेशात हे सगळं एकत्र आणलं ते रेल्वेनं. म्हणून मी भुसावळला निघाले.

वाटेत धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आणि अमळनेरला प्रताप शेठजींचं तत्त्वज्ञान मंदिर पाहिलं. दोन्ही ठिकाणी मनापासून स्वागत झालं. अमळनेर ते भुसावळ गाडीला उभं राहायलाही जागा नव्हती.

भुसावळला माझे मामा राहतात. लोको शेडमधून फिटर म्हणून रिटायर झाले. त्यांचे वडील, माझे आजोबा, जीआयपीच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या इथल्या रेल्वे कंपनीच्या, दिवसांत खलाशी म्हणून लागले होते. रेल्वेतला खलाशी म्हणजे पडेल ते अंगमेहनतीचं काम करणारा मदतनीस. मी त्यांना पाहिलेलं नाही. आमच्या घरात ‘आजोबा रेल्वेत होते’ एवढंच बोललं जायचं, आणि माझ्या डोळ्यांसमोर कायम कोळसा, इंजिन, वाफ असलंच काहीतरी यायचं. संध्याकाळी मामा म्हणाले, चल, तुला आजोबांची जागा दाखवतो. आम्ही रिक्षा केली. मामांनी ‘लिम्पस क्लब’ सांगितलं. मला वाटलं, शेडकडे जाण्याचा हा दुसरा रस्ता असेल.

रेल्वेच्या जुन्या वसाहतीतला तो भाग. मोठाले कडुनिंब, कौलारू बंगले, रुंद रस्ते. गावातली आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ, चांदमारी चाळ ही नावं लहानपणापासून ऐकलेली, पण या बाजूला मी कधी फिरले नव्हते. ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तिथं या बंगल्यांत संध्याकाळी वारा कसा खेळतो ते बघून मला रागच आला. सावली कुणासाठी लावायची, हे तेव्हाच ठरलेलं होतं.

मामा एका उघड्या मैदानाच्या कडेला थांबले. मुलांनी तिथं व्हॉलीबॉलसाठी ताजी फक्की मारलेली होती. मी सरळ आत चालत गेले. मागं वळून पाहिलं तर मामा रेषेपाशी थबकलेले. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, पाय उचलला आणि रेषा ओलांडून मगच तो खाली ठेवला. सत्तरी पार केलेला, गुडघ्यांना तेल चोळणारा माणूस. पुढच्या रेषेपाशी पुन्हा तेच. मी म्हटलं, “मामा, सरळ या ना, काही होत नाही.”

“रेघेवर पाय नाही ठेवायचा माय,” ते म्हणाले. “बाबा हाणायचे आम्हाले.”

मग कडेच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. आजोबांची नोकरी शेडमध्ये, पण ड्युटी बरीच वर्षं साहेबांच्या टेनिस कोर्टावर. आपली काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर कोर्ट टिकत नाही. म्हणून आधी काळी माती खोल उपसायची, खाली दगड, वर मुरूम, त्यावर बारीक चाळलेला मुरूम. पाणी मारायचं, ओल बरोबर आली की रोलर फिरवायचा. ओल जास्त झाली तर माती रोलरला चिकटते, कमी पडली तर धूळ उडते. हा अंदाज आजोबांच्या हाताला होता. लोखंडी रोलर ओढायला चार माणसं लागत. दुपारी रोलर, चार वाजता दोरी ताणून फक्की, पाच वाजता साहेब. त्यानंतर आजोबांनी कडेला उभं राहून बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचे.

उत्तर हिंदुस्थानात आणि दख्खनमध्ये जिथं हिरवळ जगत नाही, तिथं गोल्फवाल्यांनीही असाच तोडगा काढला होता. भोकाभोवती गवताऐवजी तेल घातलेली वाळू पसरायची आणि ती दाबून सपाट करायची. तिला ‘ब्राऊन’ म्हणत. तिथंही वाळू रोज सारखी करणारी माणसं होतीच. खेळाच्या इतिहासात ती कुठं दिसतात?

“आजोबा कधी खेळले का?” मी विचारलं.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “रॅकेट हातात घेतलेली, तार तुटली म्हणून दुरुस्तीले नेताना.”

मला तिथं रडू आलं. ज्या माणसानं वर्षानुवर्षं ती चौकट रोज आखली, त्याला तिच्या आत उभं राहून एक चेंडू मारता आला नाही. आणि तरी त्याला त्या रेषेचा इतका मान होता की पोरांनी तुडवली तर तो हात उगारायचा. रेषा त्याची होती. साहेबानं बाकी सगळं ठेवून घेतलं असेल, रेषा आजोबांची होती.

रेल्वेत तेव्हा सगळंच वेगवेगळं असे. अधिकाऱ्यांचे क्लब निराळे, ड्रायव्हर-गार्ड मंडळींचं युरोपियन इन्स्टिट्यूट निराळं, हिंदुस्थानी लोकांचं आणखी निराळं. बिलियर्ड टेबल, नाचाचा हॉल, वाचनालय. एंजिन चालवायला आणलेली गोरी आणि अँग्लो-इंडियन माणसं कंटाळून दारूला लागू नयेत, नोकरी सोडून जाऊ नयेत, म्हणून कंपन्यांनी ही सोय केली. कामगारांच्या पगारातून कापलेल्या दंडाचाही एक फंड असे. १९३१ पासून त्याचं स्टाफ बेनिफिट फंड झालं. आजही रेल्वे कर्मचाऱ्यांची मुलं त्याच्या नावानं शिष्यवृत्ती घेतात. मामांच्या मोठ्या मुलीलाही ती मिळाली होती. ती आधी दंडाची थैली होती, हे मामांना माहीत होतं. ते म्हणाले, बाबांचाही दंड कापलेला आहे, पाणी मारायला उशीर झाला म्हणून.

स्वातंत्र्यानंतर दारं हळूहळू उघडली. मामा स्वतः इन्स्टिट्यूटमध्ये बॅडमिंटन शिकले आणि शेडच्या टीमकडून खेळले. आजोबा एकदा सामना बघायला आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, भिंतीशी उभे राहिले.

या प्रवासात आणखी एका गावातल्या जुन्या क्लबच्या फाटकावर मला “मेंबर आहात का?” एवढं विचारून परत पाठवलं. व्हरांड्यातला सागवानी फळा रस्त्यावरून दिसत होता. त्यावर अध्यक्षांची नावं सोनेरी अक्षरांत, पहिली इंग्रजी, मग हळूहळू आपली. भुसावळच्या आधी गेले असते तर त्या फळ्याचा फोटो मागितला असता. आता मला तो अर्धाच वाटतो. कोर्ट कुणी बांधलं, रोलर कुणी ओढला, बिलियर्डचा मार्कर, म्हणजे गुण मोजणारा, कोण होता, हे त्यावर का नाही? पगाराच्या रजिस्टरात त्यांची नावं होती. खलाशी म्हणून होती, एवढंच.

रात्री मामींनी भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. जेवताना मामांनी आजोबांबरोबर रोलर ओढणाऱ्या तिघांची नावं आठवून सांगितली. एकाचं घर आगवाली चाळीत होतं, एकजण वरणगावकडचा. तिसऱ्याचं आडनाव त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी जेवण अर्धवट ठेवून शेडमधल्या जुन्या सोबत्याला फोन लावला.

भुसावळ, मनमाड, इगतपुरी, कुठल्याही रेल्वे गावात तुमच्या घरातलं कुणी इन्स्टिट्यूटमध्ये माळी, मार्कर, कोर्टावरचा खलाशी असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि नावं आडनावांसकट लिहून ठेवा. मला कळवलीत तर मीही माझ्या वहीत उतरवून घेईन. चार नावांनी ती वही सुरू केली आहे.