सातोंडा: बेटाच्या पोटातलं खारं पाणी

इंडोनेशियातल्या सुंबावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यासमोर, फ्लोरेस समुद्रात, सातोंडा नावाचं छोटं ज्वालामुखी बेट आहे. वस्ती नाही, रस्ता नाही, गोड्या पाण्याची सोय नाही. बेटाच्या मधोमध विवर आहे आणि विवरात तळं. पाणी चाखलं तर खारट. स्थानिक नाव ‘मोती तोई’. आपल्या मोत्याशी याचा काही संबंध नाही. पूर्व सुंबावात बोलल्या जाणाऱ्या बीमा भाषेत ‘मोती’ म्हणजे समुद्र आणि ‘तोई’ म्हणजे लहान. धाकटा समुद्र!

जायचे मार्ग दोन. पहिला, लोंबोक बेटाहून फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजो बंदराला जाणाऱ्या चार दिवस-तीन रात्रींच्या बोटी. त्या मोयो आणि सातोंडा ही बेटं करत पुढे कोमोडो बेटाकडे जातात. सोपा मार्ग हाच, पण सातोंडाला जेमतेम दोन तास मिळतात, त्यातला एक पोहण्यात जातो. दुसरा मार्ग जमिनीवरून: बालीहून विमानाने सुंबावावरचं बीमा शहर, तिथून गाडीने डोंपू, मग तांबोरा या ज्वालामुखी पर्वताला वळसा घालत नांगामीरो गाव आणि तिथून लाकडी मोटारबोट. बीमापासून किनाऱ्यापर्यंत अर्धा दिवस धरा. तळं नीट बघायचं असेल तर माझं मत दुसऱ्या मार्गाला.

बोटवाल्याशी भाडं ठरवताना जाणं, येणं आणि थांबणं हे तिन्ही एकत्र बोलून घ्या. ‘थांबणं’ राहिलं की वाद ठरलेला. लाइफ जॅकेट बोटीत आहे का, एवढं विचारून भागत नाही. अंगावर चढवून पट्टे आवळून बघा, बक्कल तुटलेलं असतं ते तेव्हाच कळतं. रोख रक्कम डोंपूतच काढून ठेवा.

मोसम मे ते ऑक्टोबर. जानेवारी-फेब्रुवारीत वायव्येचा वारा थेट याच किनाऱ्यावर येतो आणि समुद्र खवळलेला असतो. लोंबोकच्या बोटी सातोंडानंतर रात्रभर उघड्या समुद्रातून जातात, तेव्हा या महिन्यांत तो बेत नकोच. मोसमातही दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून छोट्या बोटीने सकाळी लवकर निघावं. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

धक्क्यावर उतरलं की विवराच्या कडेचा ठेंगणा भाग समोरच दिसतो. पायऱ्या चढून पलीकडे उतरायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. काठावरच्या झाडांना दोरीने दगड आणि पोवळ्याचे तुकडे टांगलेले दिसतील, ते नवसाचे. टांगायचाच असेल तर काठावरचा सुटा दगड घ्या. पोवळं मोडून आणू नका.

आता खाऱ्या पाण्याबद्दल. एप्रिल १८१५ मध्ये समोरचा तांबोरा फुटला, लाट आली आणि समुद्राचं पाणी विवरात भरलं, ही गोष्ट वाटाड्याकडून हमखास ऐकायला मिळते. गोष्ट रंगते, पण तळ्यातले चुनखडीचे थर त्याहून कितीतरी जुने आहेत. समुद्राचं पाणी काही हजार वर्षांपूर्वीच विवरात शिरलं आणि पुढे समुद्राशी उघडा संबंध उरला नाही.

तळं सुमारे ६९ मीटर खोल आहे आणि पाण्याचे थर एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या साधारण २२ मीटरांत प्राणवायू असतो; खाली तो नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड आहे, कुजलेल्या अंड्याच्या वासाचा. तिथले जीवाणू पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून पाण्याची क्षारता वाढते. म्हणून वरच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा, समुद्राच्या ८.१ च्या पुढे, साडेआठच्या आसपास असतो. अशा पाण्यात चुना सहज बसतो. काठाशी खडकांवर दिसणारे खडबडीत तपकिरी थर म्हणजे शैवाल आणि सूक्ष्मजीवांनी मिळून रचलेली चुनखडी. पृथ्वीवरच्या अतिप्राचीन स्ट्रोमॅटोलाइटशी, म्हणजे सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून बनलेल्या खडकांशी, त्यांची तुलना होते, आणि जगभरचे भूवैज्ञानिक या आडबाजूच्या तळ्याकडे येतात ते याचसाठी.

लोणार पाहिलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेलं. तिथलं पाणी समुद्राचं नाही, बाष्पीभवनाने आटत क्षारयुक्त झालेलं आहे. सातोंडाचं विवर ज्वालामुखीचं आणि मीठ समुद्राचं. दोन्हीकडे तळं खारट, कारणं मात्र वेगळी.

सातोंडाच्या तळ्यात पोहायला उतरताना काठच्या चुनखडीच्या थरांवर पाय देऊ नका. ते पावाच्या कडक सालीसारखे वाटतात, पण वजनाने मोडतात आणि तुटलेली कड पायाला कापते. रबरी तळव्याचे बूट घालून मोकळ्या जागेतून सावकाश उतरा आणि खोल पाणी लागलं की पालथे तरंगत मास्कमधून बघा. सनस्क्रीन लावून तळ्यात उतरू नका. समुद्राशी उघडा संबंध नसलेल्या पाण्यात ते साचून राहतं. त्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा. पोवळी बघायची तर धक्क्याबाहेरचा समुद्र आहेच.

पाणी माणशी तीन लिटर बरोबर न्यावं, कचरा परत आणावा. शाकाहारी मंडळींनी ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे सांगून थांबू नये. ‘तान्पा तेरासी’ही म्हणावं. तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, आणि सांबाल चटणीत ती निमूट बसलेली असते. तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि ताहू, म्हणजे टोफू, बहुतेक ठिकाणी मिळतात.

संध्याकाळी बेटावरची हजारो वटवाघळं, चांगली मोठी, फळं खाणारी, सुंबावाकडे उडत जातात. हे बघायचं तर मुक्कामी बोटीचीच सोय हवी, कारण छोट्या बोटींना दिवा असेलच असं नाही आणि अंधारात नांगामीरोला परतणं नको. मुक्कामी बोट घेणार असाल, तर बोट सूर्यास्तापर्यंत तिथे नांगरलेली राहील का, हे पैसे भरण्याआधीच लेखी विचारून घ्या.