सालामांकाचे घड्याळ आणि माझा दिवस

स्पेनमधल्या सालामांका शहरात दुपारी साडेबारा वाजता जेवण मागणारा माणूस बाहेरगावचा आहे, हे वेटरला तत्काळ कळते. त्या वेळी स्वयंपाकघर सुरूच झालेले नसते. अकराच्या सुमारास कॉफी आणि सोबत तोर्तियाचा, म्हणजे बटाटे घातलेल्या जाड ऑम्लेटचा, एखादा तुकडा. दोन ते साडेतीनच्या दरम्यान जेवण. त्यानंतर पाचपर्यंत बहुतेक छोटी दुकाने बंद. आणि रात्रीचे जेवण साडेनऊ-दहाला, असा येथील दिवसाचा क्रम आहे. सांगलीच्या आमच्या घरी सकाळी नऊच्या आत डबे भरून होतात आणि रात्री साडेआठला पाने वाढली जातात. त्या शिस्तीत वाढलेल्या मला पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी येथे आल्यावर स्पॅनिश क्रियापदांपेक्षा या वेळापत्रकाची सवय करून घेणे अधिक जड गेले.

या उशिराला आळस म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि स्पॅनिश लोकांच्या दुपारच्या झोपेवरचे विनोद तर ठरलेलेच आहेत. माझ्या वर्गातले कोणी दुपारी झोपताना मला तरी आढळलेले नाही. खरे कारण बरेचसे घड्याळात आहे. स्पेनचा बहुतांश भूभाग ग्रीनिचच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला असूनही १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत येथील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली आणि देश जर्मनीच्या वेळेवर आला. महायुद्ध संपल्यानंतरही तो तास परत घेतला गेला नाही. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. सालामांका देशाच्या पश्चिम भागात असल्यामुळे जूनमध्ये येथे खरी मध्यान्ह होते ती सुमारे दोन वाजून पंचवीस मिनिटांनी, तर सांगलीत ती साडेबाराच्या आसपास होते. सूर्याच्या हिशेबाने पाहिले तर अडीचला जेवणारे हे लोक बाराच्या ठोक्यालाच जेवतात. येथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर पोर्तुगालची सीमा आहे आणि ती ओलांडली की घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते, एवढ्यावरून ही वेळ किती ओढूनताणून आणलेली आहे ते लक्षात यावे.

या व्यवस्थेचा खरा त्रास हिवाळ्यात सकाळी होतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि माझा पहिला तास नऊचा असतो, त्यामुळे घरातून निघताना रस्त्यावरचे दिवे चालूच असतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्यामुळे थंडी कोरडी आणि बोचरी असते. आमच्या जुन्या इमारतीत उष्णतेची व्यवस्था सामाईक आहे. ती किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद करायची, हे सोसायटीच्या सभेत ठरते आणि त्या सभेत आम्हा भाडेकरू विद्यार्थ्यांना मत नसते. सभासद बहुतेक निवृत्त असल्यामुळे रेडिएटर दुपारी सुरू होऊन रात्री दहाला थंड पडतात, नेमके आमच्या अभ्यासाच्या वेळी. वर्गाकडे जाताना विद्यापीठाच्या जुन्या वास्तूवरून वाट जाते. १२१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा दर्शनी भाग जवळच्या विल्यामायोर गावच्या दगडात कोरलेला आहे. ऊन पडले की हा दगड सोनेरी दिसतो. त्या कोरीवकामात एका कवटीवर बसलेला छोटा बेडूक आहे आणि तो कोणाच्या मदतीशिवाय शोधणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो, असे म्हणतात. पर्यटक दिवसभर माना वर करून तो शोधत असतात. पहाटेच्या अंधारात मात्र बेडूक सापडण्याचा प्रश्नच नसतो.

सरकारी कामेही सकाळीच उरकावी लागतात, कारण बहुतेक कार्यालयांचे जनतेसाठीचे कामकाज दुपारी दोनला संपते. सहा महिन्यांहून अधिक मुदतीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याने आल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो, आणि त्यासाठी आधी राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद, म्हणजे एम्पाद्रोनामिएन्तो, करून घ्यावी लागते. नोंदीसाठी भाडेकरार, कार्डासाठी नोंदीचा दाखला, शुल्क भरल्याची पावती, छायाचित्र, बोटांचे ठसे, आणि या प्रत्येक पायरीसाठी आगाऊ घेतलेली वेळ. संकेतस्थळावर वेळ मिळणे हेच मुळात मोठे काम आहे. नव्या वेळा टाकल्या की काही मिनिटांत संपतात, म्हणून मी सकाळच्या तासाला मागच्या बाकावर बसून फोनचा पडदा पुनःपुन्हा ताजा करत असे. माझ्या शेजारी बसणारी पेरूची मुलगीही तेच करत असे. भाषा जन्मजात असूनही रांग तिला चुकली नव्हती, याचे मला थोडे समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

जेवणाबाबत मी सुरुवातीला नाखूश होते. दुपारी बहुतेक उपाहारगृहांत ठरावीक किमतीचे दिवसाचे जेवण मिळते: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, काहीतरी गोड आणि पेय. शाकाहारी माणसाची अडचण दुसऱ्या पदार्थापाशी होते आणि पुष्कळदा पहिल्यापाशीही, कारण मांस नको असे सांगितल्यावर पालेभाजीत हॅमचे बारीक तुकडे घालून आणणाऱ्याला आपण काही वावगे केले असे वाटत नाही. म्हणून मी घरी रांधू लागले आणि तेव्हा शहराच्या उत्तरेकडच्या ला आर्मुन्या या पठारी भागाचा शोध लागला. तेथील मसूर स्पेनभर नावाजलेला आहे. दाणा मोठा, चपटा, फिकट हिरवट आणि अंगावर बारीक ठिपके. साल पातळ असल्यामुळे तो लोण्यासारखा शिजतो आणि तरीही फुटत नाही. येथे तो तिखट सॉसेज घालून करतात. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा अख्खा मसूर ज्याने खाल्ला आहे, त्याला यापुढे काय करायचे हे सांगावे लागणार नाही. कांदा परतून काळसर होईपर्यंत थांबायचे, लसूण भरपूर घालायचा, घरून आणलेली कांदा-लसूण चटणी काटकसरीने वापरायची आणि वरून येथील धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड, म्हणजे पिमेन्तोन, घालायची. तिचा धुरकट वास मसुराला चुलीवर शिजल्याचा भास देतो. मोहरी आणि हिंग येथील दुकानांत मिळाले नाहीत. माद्रिदला गेले की लावापिएस भागातल्या दुकानांतून घेऊन येते.

हे जेवण आटोपून अडीच-तीनला मी घरी फोन करते, कारण हिवाळ्यात भारतातली घड्याळे साडेचार तास पुढे असतात आणि त्या वेळी आई देवापुढे दिवा लावून निवांत बसलेली असते. रात्री फोन करावा तर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. मार्चअखेर येथील घड्याळे पुढे सरकली की अंतर साडेतीन तासांवर येते. वर्षातून दोनदा वेळ का बदलते, हे आईला पटवून देण्याचा नाद मी सोडला आहे. “सरकारने घड्याळ हलवले म्हणून भूक हलते का?” या तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.

संध्याकाळ मात्र या शहराची आहे. सहानंतर दुकाने पुन्हा गजबजतात, आजी-आजोबा नीट कपडे करून फिरायला बाहेर पडतात आणि सगळ्या वाटा प्लासा मायोर या चौकाकडे वळतात. १७२९ ते १७५५ या काळात बांधलेल्या या चौकाच्या एका बाजूला नगरपालिकेची इमारत आणि तिच्यावर मोठे घड्याळ आहे. कोणालाही भेटायचे असेल तर “घड्याळाखाली” एवढेच सांगतात. विद्यार्थी चौकाच्या फरशीवरच बसतात, कोणी उठवत नाही. डिसेंबरच्या मध्यावर, सुट्टीसाठी सगळे पांगण्यापूर्वी, एका गुरुवारी रात्री याच घड्याळाखाली हजारो विद्यार्थी पंधरा-वीस दिवस आधीच नवे वर्ष साजरे करतात. खऱ्या नववर्षाला येथे बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे खातात. विद्यार्थ्यांच्या या आगाऊ नववर्षाला द्राक्षांऐवजी चघळायच्या गोड गोळ्या खातात. गर्दीची आवड नसलेल्याने त्या रात्री घरीच थांबावे, असे माझे मत आहे.

घड्याळ पुन्हा ग्रीनिचच्या वेळेवर न्यावे का, यावर स्पेनमध्ये अधूनमधून चर्चा होते. २०१३ मध्ये संसदेच्या एका समितीने तशी सूचनाही केली होती, पण पुढे काही बदलले नाही. येथील आमच्या भाड्याच्या घरात या विषयावर दोन तट आहेत. वायव्य टोकाच्या गॅलिसियाहून आलेल्या मुलीच्या गावी जूनमध्ये सूर्य सव्वादहाच्या सुमारास मावळतो आणि त्या उजेडातला एक मिनिटही सोडायची तिची तयारी नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सियाच्या मुलाला सकाळी उठवत नाही, म्हणून तो बदलाच्या बाजूने आहे. मी जानेवारीत त्याच्या बाजूने बोलते आणि मेपासून तिच्या बाजूने, आणि दोघांनीही आता माझे मत विचारायचे बंद केले आहे.