पत्र क्रमांक ७

रविवार, रात्री साडेअकरा

अण्णांची काळी ट्रंक आज शेवटी उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगातला त्यांचा फौजेतला नंबर अजून वाचता येतो. आत १९ फोटोंचा अल्बम, निगेटिव्हचं पाकीट, आईला आलेली पत्रं, आणि ‘पूर्वी स्टार’ व ‘संग्राम मेडल’ ही दोन पदकं. १९७१ च्या लढाईतलं आमच्याकडे उरलंय ते एवढंच.

दादा म्हणाला, मेडलं मी फ्रेम करून घेतो, फोटो तू ने, पत्रं आईकडे राहू देत. मी हो म्हटलं, तो मेडलं घेऊन गेलाही.

अल्बम चिकट पानांचा, वर प्लास्टिक. पानं पिवळी पडलेली. जीपला टेकून उभ्या पाच जणांचा फोटो मी घाईनं ओढला आणि मागचा कागद पानालाच राहिला. "डिसें. ७१" एवढं वाचलं. त्याखाली नावं लिहिलेली होती, ती गोंदात गेली. चूक माझीच. बाकीचे मग दातांचा दोरा मागून हळूहळू सरकवत सोडवले. हे आधी करायला हवं होतं.

संध्याकाळी पत्रं तारखेप्रमाणे लावून त्यांना क्रमांक दिले. सगळ्यांवर पत्ता एकच, ९९ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. कुठे आहोत ते लिहायची मुभा नव्हती, त्यामुळे गावाचं, नदीचं नाव कुठेच नाही. ते पूर्वेच्या आघाडीवर होते हे सांगतो तो पूर्वी स्टार. मजकूरही ठरलेला: मी मजेत आहे, काळजी करू नये. सातवं पत्र आईनं चष्मा लावून दोनदा पाहिलं.

"हे त्यांचं अक्षर नाही गं. मला तेव्हाच कळलं होतं. सुट्टीवर आले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, घाईत होतो, मित्राला सांगितलं लिहायला."

मी तो जीपचा फोटो पुन्हा काढला. अण्णा डावीकडून दुसरे. उजव्या हाताला पांढरं काहीतरी गुंडाळलंय. लहानपणापासून पाहतेय, तो हातरुमाल आहे असंच वाटायचं. पत्रावरची तारीख १२ डिसेंबर. लढाई ३ तारखेला सुरू झाली होती, ढाक्यात शरणागती झाली १६ ला. आई कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली. काहीच बोलली नाही.

पत्र तिच्याकडे आणि फोटो माझ्याकडे गेला असता, तर हे कुणालाच कळलं नसतं.

दादाला लगेच फोन केला. मूळ वस्तू वाटायच्या नाहीत, एकत्रच ठेवायच्या. स्कॅन प्रत्येकाला देऊ, ६०० डीपीआय इतक्या बारकाईनं, टिफ फाइलमध्ये. एक प्रत त्याच्या घरच्या हार्डडिस्कवर राहील, म्हणजे इथे काही झालं तरी ती शाबूत. फोटोंना आम्लमुक्त कागदाची पाकिटं, लॅमिनेशन अजिबात नाही. आणि मेडलं घासायची नाहीत, फिती उजेडात टांगायच्या नाहीत, रंग उडून जातो त्यांचा. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "उद्या आणून देतो. पॉलिश काढून ठेवलं होतं, पण लावलेलं नाही अजून."

निगेटिव्ह मात्र वेगळ्याच ठेवाव्या लागतील. पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतोय. ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म सडायला लागली की असा येतो, आणि शेजारच्या फिल्मलाही ते लागतं. उद्या सकाळी आधी त्यांचंच स्कॅनिंग.

आत्ता जीपच्या फोटोचं पाकीट केलं. फोटो आत घालण्याआधीच वर पेन्सिलनं लिहिलं: डावीकडून दुसरे अण्णा, उजव्या हाताला बँडेज, पत्र क्रमांक ७ पाहावे. बाकीच्या चौघांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. ते पत्र बहुधा त्यांच्यातल्याच कुणीतरी लिहिलंय.