शेवाळाची वही आणि प्रदर्शनाची भिंत

डिसेंबर, अमावास्येचा दुसरा दिवस

उधाणाची सुकती, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी. गोव्यातल्या हणजूणचे खडक आज चांगले उघडे पडतात आणि सारगॅसम या समुद्री शेवाळाचे तपकिरी झुपके पावसाळ्यानंतर भरून आलेले दिसतात. मार्चपर्यंत ते विरळ होतात. पदवीचं प्रदर्शन एप्रिलमध्ये धरलं, तर मार्चमध्ये जागं होणाऱ्याच्या हाती वाळूतल्या वाळक्या काड्याच लागायच्या. समुद्री शेवाळ दाबून वहीत चिकटवायचा छंद ज्याला प्रदर्शनात आणायचा आहे, त्याने आधी अमावास्या-पौर्णिमा मोजाव्यात. डिसेंबर ते फेब्रुवारी साधारण सहा उधाणं. दर उधाणाला चार ताव, म्हणजे चोवीस. 'चोवीसच का?' असं परीक्षकांनी विचारलं तर उत्तर समुद्राने आधीच देऊन ठेवलेलं असतं.

खडकावरून उपटू नये, लाटेने काठाला टाकलेलं पुरतं. गोड्या पाण्याने तीनदा धुवायचं. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढतं, नमुना कधीच नीट सुकत नाही आणि बुरशी धरतो. उल्वा नावाचं पातळ हिरवं शेवाळ परातीतल्या पाण्यात तरंगवायचं, खालून कागद सरकवून अलगद उचलायचं, वर मलमलचा तुकडा आणि मग रद्दी. मलमल विसरली तर शेवाळ बातम्यांसकट निघतं. पहिले तीन दिवस रद्दी रोज बदलायची.

जानेवारी

वही सुंदर असते, तिथेच अडतं. साठ पानं सजवलेली असतात आणि साठही भिंतीवर लावावीशी वाटतात. छंदाला भरपूर जमवण्यात गोडी असते, भिंतीला एकच गोष्ट नीट सांगितलेली लागते. वही मेजावर ठेवावी, पानं उलटायला मोकळी. भिंतीवर फक्त सायनोटाइप, म्हणजे लोहाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाने उमटलेले निळे ठसे.

या निळ्या छपाईची कृती जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधली आणि अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने १८४३ पासून तीच वापरून ब्रिटनच्या शेवाळांचे ठसे काढले. म्हणजे 'शेवाळाचे निळे ठसे' एवढ्यात नवं काही नाही, आणि तोंडी परीक्षेत हे निघणारच. इथलं वेगळेपण जातीच्या नावात शोधू नये, सुकतीत शोधावं. सुकतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. प्रत्येक तावाखाली गोळा केल्याची तिथी, सुकतीची वेळ आणि उन्हात ठेवल्याची मिनिटं पेन्सिलीने लिहावीत, लॅटिन नाव वहीत राहू द्यावं.

मार्च, दुपार

आजचा दिवस रसायनांचा. 'अ' बाटलीत हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, १०० मिली पाण्यात. 'ब' बाटलीत पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, १०० मिली पाण्यात. वापरायच्या वेळी समसमान मिसळायचं. ए३ तावाला ब्रशने ६ ते ८ मिली जातं. चोवीस हवे असतील तर चाळीस तावांची तयारी ठेवावी, म्हणजे मिश्रण सुमारे ३०० मिली. 'अ' बाटलीवर आपल्या दमट हवेत लवकर बुरशी येते, म्हणून ती थोडी थोडीच करावी आणि वापरण्याआधी गाळून घ्यावी. हातमोजे हवेतच. फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ किंवा आचेवर न्यायचं नाही, विषारी वायू निघतो.

ब्रशला लोखंडी पट्टी नको, निळे ठिपके पडतात. कागदावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले तर कागदात खडू आहे, आणि खडूसारखा अल्क (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) या निळ्या रंगाचा वैरी. असा कागद दोन टक्के सायट्रिक आम्लाच्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवून सुकवावा.

लेप पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात. कागद सुकला की त्याच दिवशी वापरावा. ओलसर राहिलेला लेप पेटीतल्या पेटीत हिरवा-निळा होतो आणि धुतल्यावर पांढरं म्हणून काही उरत नाही.

लेपाच्या कागदावर सुकलेलं शेवाळ मांडून वर काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं, शेवाळाखालचा भाग पांढरा राहतो. सारगॅसमच्या फांदीवर मिरीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे असतात. वरची काच त्यांच्यावरच टेकते, पानं कागदापासून सुटतात आणि त्या फटीतून ऊन आत शिरून कडा धूसर करतं. फांदी अर्धवट सुकलेली असताना फळीवर जड दगडी चिरा ठेवून दाबली की बरीच बसते. तरी एखादा फुगा राहिला तर राहू द्यावा. पांढऱ्या ठिपक्याभोवती उतरत गेलेली निळी साय मला तरी चाकूसारख्या कडेपेक्षा जास्त आवडते. काच साधी चार मिलीमीटरची. अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक वापरलं तर तासभर उन्हात ठेवूनही कागद फिकाच.

पट्टीवर ४, ६, ८, १०, १२ मिनिटांची चाचणी आधी. उघडा भाग पिवळट हिरव्यावरून निळा होऊन राखाडी झाला की काढायचा. पहिल्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल, मग पिवळेपणा जाईपर्यंत साधं पाणी. खरा गडद निळा हवेत दिवसभरात येतो. घाई असेल तर लिटरभर पाण्यात तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर.

एप्रिल, भिंत

भिंत ४.२ मीटर. बारा-बारा ताव दोन ओळींत, उभे, मध्ये ३ सेंमी: रुंदी ३८९.४ सेंमी, दोन्ही बाजूंना १५ सेंमी उरतात. मध्यरेषा जमिनीपासून १५० सेंमी धरली तर खालची कड १०६.५ वर येते. ओळंबा सोडून पेन्सिलीची रेघ आधी, खिळे नंतर.

चुना लावलेली जुनी भिंत असेल तर ताव तिला टेकवू नयेत. चुना अल्क आहे, आणि दमट हवेत टेकलेली कड पिवळी पडत जाते. मागे दोन सेंमीची लाकडी पट्टी द्यावी. चौकटीत मागचा पुठ्ठाही चुनखडीविरहितच घ्यावा, दुकानदार 'आम्लमुक्त' म्हणतो तो बहुतेक खडूवालाच असतो.

खिडकीतलं थेट ऊन नको. तरी आठवडाभरात निळा थोडा उतरेल. ताव उतरवल्यावर अंधाऱ्या, हवा खेळत्या खणात ठेवले की उतरलेला रंग बराचसा परत चढतो.