आमची वाटचाल : एक कॅमशाफ्ट आणि आप्पांची डिग्री प्लेट

धुळ्यात पारोळा रोडला आमचं इंजिनकामाचं वर्कशॉप आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते गावातच मिळतात, त्यामुळे ट्रकच्या इंजिनांना कधी तोटा नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये दोघांनी सुरुवात केली. मी फिटर, भागीदार आप्पा टर्नर. आप्पांनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापून, एकेक रेघ ठोकून 360 अंशांची डिग्री प्लेट केली; ती क्रँकला लावली की क्रँक किती अंश फिरला ते दिसतं. शून्याच्या रेघेला वहिनींचं लाल नेलपॉलिश. पुढे विकतची प्लेट घेतली, तरी हात जायचा तो आप्पांच्याच प्लेटकडे.

मधली वर्षं ट्रक-ट्रॅक्टरची. सांगायचं आहे ते ट्रायम्फ टीआर 6 या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं.

अमळनेरच्या कापूस व्यापारी नानांनी ती मुंबईहून आणली. सहा सिलिंडर, 2498 सीसी आणि पेट्रोल इंजेक्शन, तेही अख्खं मेकॅनिकल. इंजिन पूर्ण खोलायचं होतं. "पिकअप पाहिजे," नाना म्हणाले. मला तेवढंच हवं होतं. आप्पा म्हणत होते की कंपनीचा 35-65 चा कॅम टाक. कॅम म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा; 35-65 म्हणजे इनलेटची झडप पिस्टन वर पोचायच्या 35 अंश आधी उघडते आणि तो खाली पोचल्यावर 65 अंशांनी मिटते. मी मुंबईहून झडप 300 अंशांच्या वर उघडी ठेवणारा मागवला.

धंद्यातल्यांना कळेल चूक कुठे झाली. त्या गाडीचं मीटरिंग युनिट, म्हणजे पेट्रोल मोजून देणारा भाग, मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमवर पेट्रोल ठरवतं. 35-65 चा कॅम 280 अंशांचा, त्यातच ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही झडपा एकदम उघड्या असण्याचा काळ, 70. तो आणखी वाढला की स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन चालतं तेव्हा, व्हॅक्यूम पडतो, युनिटला वाटतं पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आहे, आणि ते पेट्रोल ओतत सुटतं. काळा धूर, ओले प्लग, स्लो बसेना. आम्ही दोन दिवस बंद-चालू, बंद-चालू करत स्लो लावत बसलो.

नव्या कॅमला तेच मारतं. सपाट टॅपेटचं (कॅमवर घासून झडप उचलणाऱ्या ठोकळ्याचं) इंजिन पहिल्यांदा चालू झालं की वीसेक मिनिटं 2000 आरपीएमच्या खाली येऊ द्यायचं नसतं, कारण स्लोवर लोबवर, म्हणजे कॅमच्या उंचवट्यांवर, ऑइल पुरेसं उडत नाही. मला हे माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ऑइल काढलं तर ट्रेमध्ये चंदेरी भुगा. दोन लोब झिजून बसलेले, टॅपेटच्या तोंडाला खड्डे, भुगा बेअरिंगपर्यंत गेलेला.

आमच्याच रस्त्यावरच्या एका वर्कशॉपवाल्याने ही गोष्ट चहाच्या टपरीवर अशी रंगवली की महिन्याभरात ट्रकवाले तिकडे वळले. "यांना स्लो लावता येत नाही," म्हणे. पदरचे पैसे घालून कॅम, टॅपेट, बेअरिंग नवीन घेतले. ग्राइंडिंग मशीन विकायची बोलणी झाली होती. वहिनींच्या बांगड्या गहाण पडल्या, हे आप्पांनी मला वर्षाने सांगितलं.

नानांना लोकांनी गाडी नाशिकला न्यायला सांगितलं. नाना शेडमध्ये आले, बाकावर बसले, म्हणाले, "गाडी आठेच ऱ्हाई." इथेच राहील. झालं, विषय संपला.

मग कंपनीचा 35-65. पुढच्या सालच्या गाड्यांना 18-58 चा, 256 अंशांचा सौम्य कॅम होता. कागदावर 150 चे 124 हॉर्सपॉवर दिसतात, पण त्यातला काही फरक मोजायच्या पद्धतीचा. नानांचं युनिट जुन्या कॅमसाठी बसवलेलं होतं, म्हणून जुनाच घेतला. आप्पांची प्लेट क्रँकला लावली, डायल गेज पहिल्या इनलेटच्या टॅपेटवर, आणि झडपेची कमाल लिफ्ट टीडीसीनंतर (पिस्टन अगदी वर पोचल्यानंतर) 105 अंशांवर आणून चेन बसवली. या वेळी पेट्रोल, पाणी, टायमिंग सगळं आधी तपासलं. इंजिन पकडताच रेसवर नेलं, वीस मिनिटं कोणी बोललं नाही. संध्याकाळी लळिंग घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो : जुन्या इंजिनात झिंकवालं ऑइल घाला. नव्या कॅमला जुने टॅपेट लावू नका, चार पैसे वाचवायला तर मुळीच नाही. आणि आधी युनिट बघा, मग कॅम. युनिट नव्याने कॅलिब्रेट करून देणारा माणूस मिळत नसेल तर मोठ्या कॅमचं नाव काढू नका.

टपरीवर गोष्ट रंगवणाऱ्या त्या वर्कशॉपवाल्याकडे पुढे एक इंजेक्शनची गाडी आली. पोराला पाठवून आमची डिग्री प्लेट मागून नेली, दोन दिवसांसाठी. आप्पा आता सुरतेला मुलाकडे असतात. दर दिवाळीला फोन येतो. तब्येत, पाऊस, कापसाचा भाव, आणि मग, "प्लेट आली का रे?"

नाही आली.