ट्रेलरवर जाण्याआधी
हिंगणघाट तालुक्यातील आमच्या शेतापासून 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दोन किलोमीटरवर आहे, आणि रात्री पाण्याची मोटार सुरू करायला गेलो की हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रेलरांचे दिवे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यातला एखादा आपण चालवावा, असे मात्र 2024 च्या दिवाळीपर्यंत कधी वाटले नव्हते. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि माझ्या ओलसर मालाला बाजारात चार हजारही मिळाले नाहीत. मावसभाऊ अकरा वर्षांपासून फ्लॅटबेडवर, म्हणजे उघड्या पाटाच्या ट्रेलरवर, लोखंड वाहतो. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका ट्रेलरमालकाकडे चालकाची जागा असल्याचे त्यानेच कळवले.

परवान्याचे काम वेळखाऊ असले तरी अवघड नव्हते. जड वाहनासाठी आधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो, तो माझ्याकडे होता. पुढे शिकाऊ परवाना, डॉक्टरांचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि चाचणी. अडचण एवढीच की शाळेतला ट्रक सहाचाकी होता आणि ट्रेलर मागे कसा घ्यायचा, हे तिथे कोणी शिकवले नाही. ते मला आधीच येत होते, कारण जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाची दोनचाकी ट्रॉली मागे घेताना स्टेअरिंग एकीकडे फिरवले की मागचा भाग दुसरीकडे जातो, हे अंगवळणी पडलेले होते.

तरीही होकार देण्याआधी मी भावासोबत एक फेरी केली. भंडारा, साकोली, देवरी करत 53 क्रमांकाच्या महामार्गाने रायपूरजवळच्या सिलतऱ्याला रिकामे जायचे आणि बांधकामाच्या सळया भरून बुटीबोरीला परतायचे, असा तो बेत होता. सळई 12 मीटरची आणि पाट 40 फुटांचा, म्हणजे 12 मीटरांहून थोडासाच जास्त. पूर्वी लहान ट्रकांच्या मागे सळया भाल्यांसारख्या बाहेर आलेल्या असत, तसे इथे नसते. भीती असते ती पुढची. जोराचा ब्रेक लागला की गाडी थांबते, पण सुटलेली सळई केबिनच्या दिशेने सरकत राहते. लोखंडावर लोखंड घसरते म्हणून थरांमध्ये लाकडी गुटके ठेवायचे, साखळ्या टाकून त्या आवळायच्या, आणि पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर माल बसून साखळी सैल पडते म्हणून थांबून ती पुन्हा आवळायची. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या साखळीला हात लाववत नव्हता. "गाडी चालवनं सोपं हाय गा, मालाले बांधनं कठीन हाय," असे भाऊ म्हणाला, आणि त्याने मला उतरवून चारही बाजूंनी गाडी तपासायला लावली.

चार दिवसांच्या त्या फेरीत चाक फिरले ते सुमारे सोळा तास. बाकीचा वेळ कारखान्याच्या फाटकाबाहेरील रांगेत, भरण्यात, आणि परतल्यावर क्रेनची वाट पाहण्यात गेला. मालकाच्या हिशेबात थांबण्याला फक्त खुराकी, म्हणजे जेवणखर्च, होती. चालकाच्या कामाचे आठ तास तेव्हाच्या, 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात लिहिलेले होते, पण रांगेत उभा असलेला चालक कामावर असतो की नसतो, हे त्या रांगेतल्या कोणालाच नीट सांगता येईना.

घरी आल्यावर बायकोने पगार विचारला नाही, रात्री गाडी चालवावी लागेल का, एवढेच विचारले. मी खोटे बोललो नाही. मालकाकडे तीन गोष्टी मागितल्या: थांबण्याचा वेगळा भत्ता, 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे असल्याने नवीन गाडी आली की ती मला, आणि मृगात पेरणीसाठी व दिवाळीच्या सुमारास कापणीसाठी सुटी. भत्ता अर्धा मिळाला, गाडीबद्दल "पाहू" असे उत्तर आले, पेरणीची सुटी मान्य झाली. ऑक्टोबरची मात्र त्याने साफ नाकारली, कारण पाऊस संपला की बांधकामे सुरू होतात आणि लोखंडाची मागणी तेव्हाच वाढते.

मग मी होकार दिला आणि पीक बदलले. सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर कापायला येते, तूर जानेवारीपर्यंत उभी राहते. यंदा चारही एकरांत निव्वळ तूर आहे.