दलाल स्ट्रीटवर सांगलीचा दिवाणजी

आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात कुणाला तोंडावर ‘दलाल’ म्हणून बघा, दिवसभर चहा मिळायचा नाही. अडते म्हणायचं, व्यापारी म्हणायचं. मुंबईत मात्र अख्ख्या रस्त्यालाच हे नाव, तेही पाटीवर.

गेलो होतो वडिलांच्या शेअर्सच्या कामाला. त्यांनी कधीकाळी घेतलेले कागदी शेअर्स ते गेल्यावर ट्रंकेत सापडले. 1 एप्रिल 2019 पासून असे कागद दुसऱ्याला विकता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे संगणकावरच्या खात्यात जमा, करावे लागतात. महालक्ष्मीने सकाळी सीएसएमटीला उतरलो आणि फोर्टातल्या एका कचेरीत गेलो. तिथल्या पोराने पिवळे पडलेले कागद चिमटीत धरून पाहिले आणि दहा मिनिटांत परत केले. वारसाच्या कागदावर आडनावाची एक वेलांटी चुकली होती. परतीची गाडी रात्रीची, म्हणजे दिवस मोकळा.

हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकावर बसलो. 1850 च्या सुमारास इथेच, टाउन हॉलसमोर वडाखाली दलाल जमायचे. वडाखाली बाजार म्हटल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पुढे अमेरिकेत यादवी लागली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा समुद्रात भराव टाकणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्सवर लागला. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस पडला, मागोमाग शेअर्स पडले. त्या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंदही बुडाला. आईच्या नावाने त्याने पैसे दिलेला राजाबाई टॉवर मात्र अजून उभा आहे. दोन वर्षं भाव चढला की तिसऱ्या वर्षी जो तो हळदच लावतो, तेव्हा आमच्याकडे हेच होतं. फक्त टॉवर कुणी बांधत नाही.

वडाखालच्या त्या मंडळींनी 1875 मध्ये रीतसर संघटना काढली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. चालत गेलं तर तिथून पाच-सात मिनिटं.

मला वाटलं होतं, लांबूनच गलका ऐकू येईल. आमच्याकडे सौदे सुरू झाले की हळदीच्या धुरळ्यात माणसांचे नुसते आवाज कळतात. जुन्या काळी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा म्हणे, पण आता सगळं उघड, ओरडून. इथे शेअर बाजाराच्या इमारतीसमोर, फिरोज जीजीभॉय टॉवरसमोर उभा राहिलो तर काही नाही. भिंतीवरच्या पडद्यावर आकडे सरकतायत, खाली काशाचा बैल मान वळवून उभा, आणि सगळं गप्प. 1995 पर्यंत आत रिंगणात माणसं घसा फोडून सौदे करायची, मग संगणक आले. रोजची उलाढाल चालू, पण ऐकू यायला काही उरलं नाही. आवाज होता तो बाहेर गल्लीत: सँडविचवाल्याच्या सुरीचा, चहाच्या ग्लासांचा, ‘साहेब, बाजूला’ म्हणत डबे नेणाऱ्याचा.

गाड्यांना अडथळे, जागोजागी पहारा. 12 मार्च 1993 ला पहिला स्फोट याच इमारतीत झाला होता, हे आठवलं आणि मी आपोआप दोन पावलं मागे सरलो. तरी बैलाचा फोटो काढायचा मोह आवरेना.

“पाव्हणं, फोटो लांबनं काढा,” गणवेशातला पोरगा म्हणाला.

“गाव कंचं रं?”

“कवठेमहांकाळ. तुमचं?”

“सांगली. मार्केट यार्डात दिवाणजी आहे, हळदीच्या पेढीवर.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या पाठीमागे शेकडो कंपन्यांचे भाव सरकत होते, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

“हळद काय चाललीय?”

मी सकाळीच फोनवर ऐकलेला भाव सांगितला. राजापुरीचा वेगळा, कणीचा वेगळा. त्याने मनातल्या मनात काहीतरी गुणाकार केला.

“आण्णांनी तीस पोती घरातच ठेवल्यात. ठेवायची का काढायची?”

“निम्मी काढा,” मी म्हणालो. “आन् उरल्याली पावसाच्या आधी.”

तो मान डोलावतोय तोवर आतून गाडी आली. तो साखळी काढायला धावला.